लुकलुकणारी डबी आणि शनिवारची शाळा

निघण्याआधी मी स्टिअरिंगखाली डोकं घालून डबीचं दर्शन घेतलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. समाधानानं डोकं बाहेर काढताना ते स्टिअरिंगवर आपटलं. शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली सुनीता म्हणाली, “झाली आरती? आता निघायचं का डहाणूला?”

सुनीता माझी बायको. डबी म्हणजे त्या हिवाळ्यातलं माझं प्रेम. २०१८ साल सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. दिवाळीच्या आधीपासूनच मोबाईलवर काहीही उघडलं की एकच जाहिरात समोर यायची : गाडीची ताकद वाढवा, पेट्रोल वाचवा. काडेपेटीएवढी डबी होती. गॅरेजवाले आपलं तपासणीचं मशीन जोडतात ना, स्टिअरिंगखालच्या त्या खाचेत ती खोचायची आणि विसरून जायचं. मी खोचली, पण विसरलो मात्र नाही. रोज वाकून बघत होतो. डबीसोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की ही डबी आधी तुमच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीचा अभ्यास करते आणि मग इंजिनाला त्याप्रमाणे शिकवते. मला हे फार आवडलं. माझा अभ्यास करावा असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं. नाशिकच्या हौशी नाटकांत इतकी वर्षं मी राजे आणि सरदार रंगवतोय, पण दिग्दर्शकालासुद्धा नाही.

डबीवर डबी फुकट होती. दुसरी मी दिवाळीत सुनीताच्या माहेरी, डहाणूजवळच्या नरपडला देऊन आलो होतो. ती देताना जे भाषण ठोकलं, त्याचाच निकाल लावायला आता निघालो होतो.

प्रकरण असं होतं. सुनीताचे थोरले भाऊ भास्करराव यांची नरपडला चिकूची वाडी (फळबाग) आहे. त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी तलासरी तालुक्यात, गुजरातच्या अगदी काठावरच्या वेवजीत शाळेत शिकवतात. नरपड ते वेवजी त्या रोज आपल्या जुन्या लाल गाडीनं जातात. गाडीचा किलोमीटर मोजणारा आकडा कधीच झोपलाय, म्हणून त्या घरात गाडीचं ॲव्हरेज किलोमीटरऐवजी शाळांत मोजतात. आठवड्याला ठरलेल्या रकमेचं पेट्रोल टाकायचं आणि किती शाळा झाल्या ते बघायचं. सोमवार ते शुक्रवार गाडी पुरायची. शुक्रवारी संध्याकाळी पेट्रोलचा लाल दिवा पेटायचा आणि शनिवारी वहिनी रिक्षा, आगगाडी, पुन्हा रिक्षा असं करत शाळेत पोचायच्या. भास्कररावांचं म्हणणं, जी गाडी शनिवारी घरी बसते ती पोसायची कशाला, विकून टाकू. दिवाळीच्या फराळाला हा वाद रंगला असताना मी उठून उभा राहिलो आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, “ही डबी लावा. शनिवारची शाळा गाडीनं नाही झाली, तर नाव बदलेन.”

भास्कररावांनी तिथेच अट घातली. डबीनं गाडीला शनिवारची शाळाही जमली, म्हणजे ‘शनिवार आला’, तर गाडी राहील, नाहीतर जाईल.

त्यानंतर वहिनींचे फोन यायला लागले. “भाऊजी, शनिवार आला!” पुढच्या आठवड्यात परत, “भाऊजी, ह्याही शनिवारी आला!” भास्करराव मात्र मानेनात. एकट्या वहिनींची साक्ष त्यांना पुरेना. त्यात उंबरगावचं एक गिऱ्हाईक गाडीसाठी रविवारी यायचं होतं. म्हणून मला बोलावणं आलं : शनिवारी वहिनींबरोबर गाडीत बसा, लाल दिवा पेटतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि दुपारच्या जेवणाला निकाल सांगा.

शुक्रवारी सकाळी त्र्यंबकेश्वर मागे टाकलं आणि मोखाड्याचा रस्ता धरला. कापणी झालेल्या, उतारावरच्या वरकस जमिनी पिवळ्या पडल्या होत्या आणि सागाची मोठाली पानं रस्त्यावर वाळून पापडासारखी कुरकुरत होती. गाडी काय सुटली होती! वळणावळणाला मी सुनीताकडे बघत होतो.

“बघितलंस? पाय ठेवायचा अवकाश, की पळते.”

“अहो, आपण डोंगरावरून समुद्राकडे उतरतोय,” सुनीता म्हणाली. “पाय नाही ठेवलात तरी पळेल.”

नवऱ्याच्या आनंदात भूगोल आणायची तिला जुनी सवय आहे.

जव्हारला चहाला थांबलो. टपरीवाला पेले द्यायला गाडीपाशी आला, तर स्टिअरिंगखालचा हिरवा उजेड त्याला दिसला.

“सायेब, आत लाईट चालू राहिलाय.”

“तो लाईट नाही. गाडीची ताकद आहे ती.”

त्यानं वाकून नीट पाहिलं. “मंग रातचीच लावा. दिवसा बॅटरी उतरंल.”

सुनीता चहा पिता पिता ठसकली. मी राजाच्या थाटात पैसे दिले आणि निघालो.

कासा गेलं, चारोटीला महामार्ग ओलांडला. उजव्या हाताला महालक्ष्मीचा सुळका धुरकट दिसत होता. डहाणूच्या रस्त्याला लागल्यावर हवा दमट झाली आणि काचेतून एक गोडसर, मातकट वास आत आला. सुनीतानं डोळे मिटून तो घेतला. “चिकू धुतायत,” ती म्हणाली. माहेर तिला डोळ्यांआधी नाकाला दिसतं.

नरपडला पोचलो तेव्हा भास्करराव वाडीत होते. चिकूची झाडं इतकी दाट की भर दुपारी खाली तिन्हीसांजेचा उजेड. माणसं लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीच्या पिशवीत फळं झेलत होती आणि बायका पडवीत बसून, धुऊन वाळवलेले चिकू मोठे, मध्यम, बारीक असे टोपल्यांत टाकत होत्या. बोलणं चालू, हात चालू, डोळे मात्र भलतीकडेच. मी मध्ये जाऊन दोन-चार चिकू निवडून दिले. मी निवडलेले सगळेच्या सगळे त्यांनी दुसऱ्या टोपलीत टाकले.

“या, या, शास्त्रज्ञ!” भास्कररावांनी मिठी मारली. “डबीवाले आले गं!”

भास्करराव गोरेपान, गोल, गालातल्या गालात हसणारे. त्यांच्याशी भांडणं अवघड, कारण भांडता भांडता ते हातात शहाळं देतात.

“डबी लावल्यावर तुमचीही गाडी सुसाट सुटली म्हणायची,” मी म्हणालो.

“कसली सुटली. डबी आल्यापासून हिनं एक नवीन टूम काढलीय. म्हणे, परीक्षा माझी आहे तर पेट्रोल मीच भरणार. तुम्ही भराल तर कमी टाकाल आणि डबीला नापास कराल. आता शाळेजवळच कुठेतरी भरते. पंपावरचा नाना रोज फोनवर विचारतो मला, गाडी कुठाय, तू कुठायस?”

हे नाना म्हणजे भास्कररावांचे शाळूसोबती. डहाणूच्या पंपावर असतात. दर रविवारी सकाळी भास्करराव लाल गाडी घेऊन पेट्रोल भरायला जात आणि जेवायच्या वेळेला परत येत. पेट्रोल भरायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. उरलेला वेळ चहा आणि नाना.

नलिनीवहिनी शाळेतून आल्या. बारीक अंगाच्या, कपाळावर घाम, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात गाडीची किल्ली. किल्ली त्या पर्समध्ये ठेवत नाहीत, बोटात अंगठीसारखी घालून हिंडतात. गाडी चालवायला त्या चाळिशीनंतर शिकल्या, तेही नरपडच्या किनाऱ्यावर. ओहोटीला इथली वाळू इतकी घट्ट होते की चाक रुतत नाही. भास्करराव बाजूला बसून ओरडायचे आणि समोर आपटायला समुद्राशिवाय काही नसायचं.

संध्याकाळी पडवीतल्या झोपाळ्यावर आम्ही दोघंच होतो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, हसू नका हं. पण गाडी आल्यापासून मी कुणाची वाट बघत नाही. आधी सगळा जन्म वाट बघण्यात. रिक्षा भरायची वाट, आगगाडी यायची वाट, ह्यांना वेळ मिळायची वाट. आता किल्ली फिरवली की निघाले.” झोपाळा त्यांनी पायानं थांबवला. “तुमची डबी टिकेल ना?”

“वहिनी,” मी म्हणालो, “डबी म्हणजे मी.”

आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

रात्रीच्या जेवणाला ताज्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. त्याबद्दल एवढंच सांगतो की त्या जेवणात मी डबीबद्दल एकदाही बोललो नाही, आणि सुनीताला काळजी वाटून तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी सकाळची शाळा. उजाडता उजाडता लाल गाडी निघाली. वहिनी चालवत होत्या, मी शेजारी. डबी हिरवी लुकलुकत होती आणि पेट्रोलचा काटा खाली टेकायला आला होता, पण टेकला नव्हता. सुरूच्या बनापलीकडे समुद्र अजून राखाडी होता. उजवीकडे कोसबाडची टेकडी धुक्यातून नुसती पाठ वर काढून होती. घोलवड गेलं, बोर्डी गेली, मग रस्त्यानं समुद्राची संगत सोडली आणि आत वळला. चिकूच्या वाड्या संपल्या, ताडाची झाडं सुरू झाली. विखुरलेले पाडे, कुडाच्या भिंती, परसात वालाचे वेल, पाणी भरून परतणाऱ्या बाया. वहिनींना सगळे ओळखत होते. त्या प्रत्येकाला हॉर्न वाजवून उत्तर देत होत्या, म्हणून आमची गाडी एखाद्या वरातीसारखी चालली होती.

वेवजीला शाळेच्या दारात गाडी थांबली. लाल दिवा पेटला नव्हता. वहिनींनी किल्ली काढली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

“साक्षीदार?”

“साक्षीदार हजर आहे आणि त्याचे डोळे भरून आले आहेत,” मी म्हणालो.

त्या वर्गावर गेल्या. मी गाडीतच बसून राहिलो. आता बघा, माणूस नुसता बसला असता तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, या विजयी डबीचा एक फोटो काढावा. मी ती खाचेतून उपटली आणि मोबाईल काढेपर्यंत खाली पायाशी ठेवली. मग फोटोसाठी जागा व्हावी म्हणून सीट मागे सरकवायला खालचा दांडा ओढला. सीट मागं जायच्या ऐवजी दणकन पुढं आली. खाली काहीतरी कटकन मोडलं.

सीटच्या लोखंडी पट्टीखाली डबी चिरडली होती. टरफल उघडलं होतं. मी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले आणि आत पाहिलं.

आत काही नव्हतं. म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही. नखाएवढी हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर एक बारीक दिवा. खाचेत जाणाऱ्या पितळी काड्यांपैकी फक्त दोन त्या दिव्याला जोडलेल्या होत्या. बाकीच्या काड्या आत येऊन संपल्या होत्या. त्यांना पुढं काही जोडलेलंच नव्हतं. अभ्यास करणारं, इंजिनाला शिकवणारं, माझी पद्धत ओळखणारं असं आत कुणीच राहत नव्हतं. एक दिवा, आणि तो लुकलुकतोय हे बघून खूष होणारा मी.

मला आठवलं, जव्हारचा टपरीवाला काय म्हणाला होता. लाईट चालू राहिलाय. एवढंच तर ते होतं.

शाळा सुटली. वहिनी हसत हसत आल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या. मी तळहात पुढं केला. त्या वाकल्या. मग त्यांनी चष्मा वर सरकवला.

“हे काय, आतलं कुठं पडलं?”

“आतलं नव्हतंच वहिनी.”

“म्हणजे?”

“नुसता दिवा आहे. ताकद नाही, अभ्यास नाही. मी फसलो आणि तुम्हालाही फसवलं.”

त्या गाडीत बसल्या. किल्ली लावली, पण फिरवली नाही. बोटानं स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिल्या. उद्या येणारं गिऱ्हाईक त्यांना काचेपलीकडे दिसत असणार, मलाही दिसत होतं. मग एकदम वळून म्हणाल्या, “पण भाऊजी, शनिवार तर येतो!”

“हो ना.”

“दर शनिवारी येतो. आजही आला. तुम्ही बघितलंत.”

“बघितलं.”

“मग डबीत काही नाही तर शनिवार येतो कुठून?”

 राजांच्या भूमिकेत असे प्रश्न प्रधानाला विचारतात.

वहिनींनी पर्समधून केसांचं रबर काढलं, टरफलाचे दोन्ही भाग जुळवले, रबर गुंडाळलं आणि डबी पुन्हा खाचेत खोचली. किल्ली फिरवताच दिवा लुकलुकायला लागला. अगदी पहिल्यासारखा, निर्लज्जपणे.

“ह्यांना नका सांगू,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही फक्त लाल दिव्याचं सांगायला आलाय. तो पेटला नाही. ते खरंच आहे.”

ते खरंच होतं. पण मला ओळखणारा कुणीही सांगेल, पोटात गंमत राहिली तर मला पचत नाही, आणि ही तर फजितीच होती. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

“जाऊ दे,” वहिनींनी गिअर टाकला. “पेट्रोल भरू आणि काहीतरी खाऊ. रिकाम्या पोटी खोटं बोलता येत नाही.”

शाळेच्या पुढच्या वळणावर महाराष्ट्र संपतो. संपताना काही आवाज होत नाही. तेच डांबर, तेच ताड, त्याच म्हशी. दुकानांच्या पाट्यांवरच्या गुजराती अक्षरांना मात्र वरची रेघ नसते. पंपाच्या अलीकडे रस्त्याकडेला धूर दिसला. एक माणूस उपड्या पुरलेल्या मडक्यांभोवती शेणी आणि पाचोळा पेटवून बसला होता. उंबाडियुं (मडक्यात उग्र वासाच्या पाल्यात गुंडाळून भाजलेल्या पापडीच्या शेंगा, कंद आणि रताळी). हिवाळ्यातच मिळतं. पहिलं मडकं नुकतंच उघडत होतं.

“आवो टीचर! आज मेहमान आणले काय?”

“हो काका, नाशिकचे आहेत. तिखट चटणी जरा जपून द्या.”

“अरे, नाशिकना माणसाला तिखट काय लागते!” म्हणत त्यानं पानावर वाफाळता ढीग वाढला आणि वर हिरवी चटणी ओतली. कंद जिभेवर ठेवताच विरघळला, पापडीच्या शेंगेला धुराचा वास होता आणि चटणीनं माझ्या डोळ्यांतून दुसऱ्यांदा पाणी काढलं. ताक पिऊन मी जरा माणसांत आलो आणि समोर पाहिलं.

समोर पंप होता. पंपावर फलक होता. फलकावर पेट्रोलचा भाव होता. काल येताना पाहिलेला चारोटीच्या पंपावरचा भाव माझ्या डोक्यात ताजा होता, कारण तो वाचून मी हळहळलो होतो.

“वहिनी,” मी हातातलं पान खाली ठेवलं. “तुम्ही इथं भरता?”

“हो. शाळेतल्या आम्ही सगळ्याच इथे भरतो. कधी रांग नसते.”

“डबी यायच्या आधी कुठे भरत होता?”

“आधी हेच भरायचे ना, रविवारी, नानांकडे.”

“इथं स्वस्त आहे.”

“आहेच की. हे सगळ्यांना माहीत आहे. गुजरातेत स्वस्तच असतं.” त्या शेंग सोलत होत्या. “पण त्याचं काय? मी काही कमी पैसे देत नाही. तेवढ्याचंच टाकते. परीक्षा आहे ना, रक्कम बदलून कशी चालेल?”

एवढं बोलून त्या थांबल्या. शेंग हातातच राहिली.

 असे क्षण नटानं दुसऱ्याला द्यावेत.

“तेवढ्याच पैशांत...” त्या म्हणाल्या, “इथं जास्त येतं.”

“टाकीत जास्त येतं.”

“म्हणजे शनिवार...”

“शनिवार इथून येतो.”

तिकडे कुणी पेट्रोल लिटरमध्ये मागतच नाही. एवढ्याचं टाका, तेवढ्याचं टाका, बस. नोटा तेवढ्याच गेल्या, त्यामुळे स्वस्ताई पर्सला कधी जाणवलीच नाही. ती थेट टाकीत गेली आणि डबीनं तिचं श्रेय घेतलं. स्वस्त आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. पण त्या घरात ॲव्हरेज शाळांत मोजायचे, आणि शाळेला पेट्रोलचा भाव कुठे कळतो?

वहिनी इतक्या जोरात हसल्या की मडकीवाले काका चटणीचं भांडं सावरत वळले. “काय टीचर, तिखट लागला काय?” त्यांना हो म्हणायलाही वहिनींना दम उरला नव्हता.

परतताना त्यांनीच विषय काढला. “आता सांगा ह्यांना. सगळं सांगा. डबीपासून.”

जेवणाची पानं मांडली होती. भास्कररावांनी गिऱ्हाइकाला फोन लावायचा म्हणून मोबाईल ताटाशेजारीच ठेवला होता. सुनीता माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो. तीच जागा, तीच छाती. रबर गुंडाळलेली डबी खिशातून काढली, रबर सोडलं आणि तिचे दोन्ही तुकडे ताटात ठेवले.

“हिच्यात काही नाही,” मी म्हणालो. “नुसता दिवा आहे. माझ्या गाडीतलीही अशीच असणार. मी नाव बदलायला तयार आहे.”

भास्कररावांनी डबी उलटीसुलटी केली. त्यांना हसू येत होतं, पण ते दाबून म्हणाले, “म्हणजे डबी खोटी.”

“खोटी.”

“म्हणजे गाडी पूर्वीइतकंच पिते.”

“तितकंच.”

“मग शनिवार आला नाही?”

“आला,” वहिनी म्हणाल्या. “आज भाऊजींच्या डोळ्यांसमोर आला. दर शनिवारी येतो आणि येत राहील.” मग त्यांनी पंपाची हकीकत सांगितली. शाळेच्या फळ्यासमोर उभं राहिल्यासारखी, न चुकता, न थांबता.

भास्करराव ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. मला वाटलं, गाडी गेली. त्यांनी मोबाईल उचलला. वहिनींची बोटं किल्लीवर आवळली.

“हॅलो. हां, मी बोलतोय नरपडहून. उद्या येऊ नका. नाही, किमतीचा प्रश्न नाही हो. मालकीण विकत नाही.” फोन ठेवून ते खाली मान घालून भात कालवायला लागले. “अट म्हणजे अट. शनिवार आला, गाडी राहिली. पण मग मी नानाकडे जाऊ कशाला?”

 डबीचा पराभव मी पचवला होता, पण एवढा रडवेला गोल माणूस मला बघवेना. आणि तेव्हा, मंडळी, माझ्या तोंडून त्या दौऱ्यातलं पहिलं कामाचं वाक्य बाहेर पडलं.

“हवा भरायला जा.”

“काय?”

“चाकांत हवा. रविवारी गाडी घेऊन नानांकडे जा, चारही चाकांत हवा भरा, चहा प्या, जेवायला या. हवेचा भाव इकडे तिकडे सारखाच आहे.”

भास्कररावांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी बोटातली किल्ली काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. “रविवारपुरती,” त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही निघालो तेव्हा भास्करराव हवा भरायला गेले होते ते अजून आलेच नव्हते. वहिनींनी आमच्या डिकीत चिकूच्या टोपल्या कोंबल्या. मी माझी डबी काढून वहिनींच्या हातावर ठेवली. शाळेत मुलांना उघडून दाखवायची म्हणाल्या.

परतीचा रस्ता चढाचा. समुद्र खाली राहिला, चारोटी, कासा गेलं, घाट सुरू झाला. मागे चिकूंचं ओझं आणि पुढे डोंगर. गाडीनं जिथं दुसरा गिअर मागायचा तिथं मागितला, मी दिला. तिचा आवाज होता तसाच होता. खरं सांगू? डबी होती तेव्हा मी इतक्या प्रेमानं तो कधी ऐकलाच नव्हता. डबी लावल्यापासून मी दिव्याकडे बघत होतो.

“आज कशी चढतेय?” सुनीतानं विचारलं.

“नेहमीसारखी.”

“मग छानच.”

जव्हारच्या टपरीवाल्यानं गाडीत डोकावून पाहिलं. “इझला का लाईट?”

“विझला,” मी म्हणालो आणि त्याला मूठभर चिकू दिले.

नाशिकच्या घरात आठवडाभर चिकूचा गोड वास दरवळत राहिला. शेजारीपाजारी वाटताना मी डबीची गोष्ट सांगत सुटलो. प्रत्येक मजल्यावर ती थोडी वाढत गेली. तिसऱ्या मजल्यावर तर सीटखाली स्फोट झाला. हसणारे हसले, आणि एकानं विचारलं, मग काय, ती डबी चालते की नाही? मी म्हटलं, चालते. दिवा म्हणून उत्तम चालते.

बऱ्याच आठवड्यांनी भास्कररावांचा फोन आला. आवाज इतका उत्तेजित की आधी वाटलं, वाडीत काही झालं.

“भाऊजी, ऐका. चमत्कार झालाय. शनिवार तर येतोच, आता पुढच्या सोमवारचं जाणंही त्यातच होतंय! नाना म्हणतो, हे चारही चाकांत नीट हवा असल्यामुळे. आजवर आम्ही कधी भरलीच नव्हती हो, नुसता चहाच प्यायचो. मी त्याला सांगितलं, काहीतरीच. हवेनं कुठं गाडी पळते? त्याला काय कळतंय. तुम्ही शास्त्रज्ञ, तुम्ही सांगा, खरंच हवेनं फरक पडतो?”

मी उठून उभा राहिलो. छातीवर हात गेला. समोर सुनीता होती, तिनं बोट ओठांवर ठेवलं.

“पडतो,” मी म्हणालो, आणि मुकाट खाली बसलो.